घातक वस्तूंची शास्त्रशुद्ध विल्हेवाट

आमच्या सोसायटीत ई-कचऱ्याची पेटी आली तेव्हा तिच्यासमोर नारळ फोडला होता. मुलुंडमध्ये आमच्याकडे नारळाशिवाय काही सुरू होत नाही. पाण्याचा पंप दुरुस्त होऊन आला तरी त्याला हार घालतात. प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले. त्यांनी हिरवी फीत कापली, पृथ्वी ही आपली माता आहे असं सांगितलं, मातेबद्दल आणखी वीस मिनिटं बोलले आणि पुढच्या सोसायटीतल्या पेटीचं उद्घाटन करायला निघून गेले. सेक्रेटरींनी घरची बिघडलेली इस्त्री पेटीत सोडली. फोटो निघाले. टाळ्या थांबल्यावर कोणीतरी फुटक्या नारळाची करवंटीही पेटीतच टाकली.

पेटी जिन्याखाली, लिफ्टशेजारी ठेवली गेली. कमरेएवढी उंच, पोपटी रंगाची, वर एक पान रंगवलेलं आणि पानाखाली पाटी: ‘ई-कचरा संकलन केंद्र. घातक वस्तूंची शास्त्रशुद्ध विल्हेवाट.’

मी कॉलेजच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षं काढली. ‘शांतता राखा’ या पाटीखाली जेवढी भांडणं ऐकली तेवढी भाजीबाजारात ऐकली नसतील. पाट्यांवर माझा विश्वास नाही. तरी या पाटीवर ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं.

मला मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून मी इन्शुलिन घेते. पेनासारखं एक साधन असतं, त्याच्या टोकाला दरवेळी नवी सुई लावायची. नखाएवढी सुई, हिरव्या प्लास्टिकच्या बुडाची. इमारतीत हे कोणाला माहीत नव्हतं. हळदीकुंकवाला पेढा पुढे आला की मी तो खात असे आणि घरी येऊन पस्तावत असे. कीव करणाऱ्या बायकांचे चेहरे मला बघवत नाहीत.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या, हे मी दवाखान्यातल्या मदतनिसाला विचारलं होतं. तो म्हणाला, कुठेही टाका, फक्त टोपी परत लावायला जाऊ नका, तुम्हालाच टोचेल. मला टोचू नये याची त्याने काळजी घेतली. पुढच्या माणसाचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही.

सुया मी जुन्या मोबाइलच्या खोक्यात साठवत होते. खोका भरला तोवर पेटी आली होती. मी खोक्याला चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, दुपारी जिन्यात कोणी नाही असं बघून तो पेटीत सोडला आणि वर येऊन चहा केला. त्या दिवशी स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मागे उघडते. म्हणजे उघडली तर तिकडे उघडते. मी ती कित्येक वर्षं बंदच ठेवली होती. खाली पंपरूमच्या शेजारी एक ओटा आहे आणि तिथे आमचा कचरा निवडला जातो. ओला वेगळा, सुका वेगळा हा नियम बत्तीसच्या बत्तीस घरं पाळतात, असं सोसायटीच्या अहवालात छापलेलं आहे. प्रत्यक्षात एकाच पिशवीत आंबलेलं सांबार, बाळाचा लंगोट, कोंबडीची हाडं, केसांचे गुंतवळ आणि वर्तमानपत्रात धड न गुंडाळलेले पॅड येतात. पिशवीला भोक असतंच. त्यातून गळणारं पाणी चौथ्या मजल्यापासून लिफ्टभर येतं आणि मग लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येकजण नाकाला रुमाल लावून शेजारच्याकडे संशयाने बघतो. एकदा बुटांच्या खोक्यात मेलेला उंदीर आला होता. खोक्याला भेटवस्तूची चमकती दोरी तशीच होती.

हे सगळं जी निवडते तिला आम्ही मावशी म्हणतो. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान आहे. नातं लावणं हातमोजे देण्यापेक्षा स्वस्त पडतं. ती डोंगराखालच्या वस्तीत मुलगी आणि नातीसोबत राहते. सकाळी दारोदार पिशव्या घेते, मग ओट्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून बसते. बाटल्या, पुठ्ठा आणि वायरीतलं तांबं तिचं, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम.

पेटी न्यायला येणारी गाडी उद्घाटनाच्या दिवशी आली होती, फोटोपुरती. नंतर ती कोणी पाहिली नाही. पेटी भरली. मोबाइल आणि चार्जर थोडे. बाकी तुटक्या चपला, दात घासायचे ब्रश, सेल फुटून पांढरी बुरशी चढलेले रिमोट, ट्यूबलाइटच्या काचा. कोणीतरी मागे दिवे लुकलुकणारी देवाची तसबीर आणून टाकली होती. देवाला कचऱ्यात टाकायला हात धजत नसेल, पण वायर दिसल्यावर धजला. पेटीचं झाकण लागेना तेव्हा सेक्रेटरींनी मावशीला सांगितलं, जरा निवडून रिकामी कर. शास्त्रशुद्ध विल्हेवाट ती एवढीच. मला हे ठाऊक नव्हतं, कारण माझी खिडकी बंद होती.

एका शुक्रवारी मावशीच्या हाताला सुई टोचली. मोबाइलचा खोका हाताला लागल्यावर आत चार्जर असेल, वायर निघेल, म्हणून तिने चिकटपट्टी फाडून बोटं आत घातली होती. वॉचमनने हळद लावली. ती म्हणाली, हळदीने काय होतंय, आणि सरळ महापालिकेच्या रुग्णालयात गेली. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच ऐकलं की कोणाच्या तरी घाणीत सुया सापडल्या, आणि मी सगळ्यांच्या आधी “शी” म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. सेक्रेटरींनी आधी स्वच्छतेची परंपरा सांगितली, मग पुढच्या महिन्यात येणारी स्वच्छ सोसायटीची तपासणी, आणि असा प्रकार आपल्या सभासदांकडून होणं शक्यच नाही असा निष्कर्ष. त्यामुळे ओघानेच तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं नाव निघालं. तिघे तरुण, आडनिड्या वेळी कामाला जाणारे, घरी स्वयंपाक न करणारे. आमच्या मध्यमवर्गात एवढा पुरावा फाशीला पुरतो. सुया म्हणजे नशा, नशा म्हणजे ते तिघे. घरमालकाला सांगून महिन्याभरात त्यांना घालवायचं ठरत आलं.

तेवढ्यात मावशी खुर्च्यांच्या रांगेपाशी आली. उजव्या हाताला पट्टी होती. डाव्या हातात प्लास्टिकची डबी.

“मी भांडायला नाही आले,” ती म्हणाली. “कुणाची असंल त्यांनी सांगा. डॉक्टर बोलले, माणूस सापडला आणि त्याचं रक्त चांगलं निघालं, तर गोळ्या बंद. नाहीतर महिनाभर घ्यायच्या. एड्सच्या असतात त्या. पोटात अन्न ठरत नाही माझ्या. नातीचा पेला वेगळा ठेवलाय मी घरात.”

मग ती डबी उघडून एकेकासमोर धरत रांगेतून चालत गेली. बायकांनी पदर आवरले. कोणी तोंड फिरवलं. एकाने तिला लांबूनच दाखव म्हणून सांगितलं. माझ्यासमोर डबी आली. आत सुई, हिरव्या बुडाची, नखाएवढी.

मी मान हलवली. नाही, अशी हलवली. ती पुढे गेली.

रात्रभर तळमळले वगैरे लिहायला बरं दिसेल, पण मी व्यवस्थित झोपले. रविवारी सकाळी सेक्रेटरी नोटिशीचा मजकूर मागायला आले. सोसायटीतल्या नोटिसा मीच लिहिते. माझं मराठी चांगलं आहे असा इथे समज आहे. मी बसून लिहिली. दोनदा खाडाखोड करून लिहिली. दुपारपर्यंत ती लिफ्टमध्ये लागली, संध्याकाळी दोघांनी थांबवून सांगितलं की काय झणझणीत उतरली आहे. मी संकोचाने हसले. कचऱ्याचा वास हाताला लागला तर तीन वेळा साबण लावणारी मी बाई आहे. त्या दिवशी मी साधे हातही धुतले नाहीत.

सोमवारी सकाळी खालून ओकारीचा आवाज आला. बंद खिडकीतूनही आला. मी खिडकी उघडली. जाम झाली होती, खांदा लावून ढकलावी लागली. आधी वास आला, शिळ्या मासळीचा आणि कुजलेल्या फुलांचा, गरम. मग मावशी दिसली. पंपरूमच्या भिंतीला हात टेकून वाकली होती. तोंड पुसून ती पुन्हा प्लास्टिकच्या कागदावर येऊन बसली आणि कोणाच्या तरी घरची पिशवी तिने पट्टी बांधलेल्या हाताने उलटी केली. पिशवी माझी होती. दुधाच्या पिशवीला मी मारते ती गाठ मला वरून ओळखू आली.

मी खाली गेले. ओट्यावर मी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. चप्पल चिकटत होती.

“मावशी, ती सुई माझी आहे.”

तिने हातातलं खाली ठेवलं. “तुमची?”

“मला मधुमेह आहे. साखर.”

“अजून काय आहे?”

“अजून काही नाही. माझ्या माहितीत तरी.”

“तुमच्या माहितीत नको,” ती म्हणाली. “रक्त द्या. चला.”

पैसे, रिक्षा, घराला कुलूप असं मी काहीतरी पुटपुटले. तिने कागदाची चार टोकं गोळा करून कचऱ्यावर वीट ठेवली आणि माझ्या पुढे चालायला लागली.

रुग्णालयात नर्सने विचारलं, या कोण. मावशी म्हणाली, “सुईवाल्या.” नर्सने मान डोलावली आणि तेच लिहून घेतलं असावं, कारण पुढच्या टेबलावर मला त्याच नावाने हाक आली. रक्त घेतलं. रिपोर्ट दुपारी मिळणार होता. आम्ही बाकावर बसलो. तिच्या कपड्यांना ओट्याचा वास होता आणि मला तो सहन होत नव्हता. मी किंचित सरकले. ती बघत होती. मी परत मूळच्या जागी आले, तेही तिने बघितलं.

शनिवारी मी गप्प का बसले, हे ती विचारील म्हणून मी उत्तरं तयार करत होते. तिने वेगळंच विचारलं.

“लिफ्टमधे कागद लावलाय तो माझ्यावर आहे म्हणे. वॉचमन बोलला, लई भारी लिहिलाय. काय लिहिलंय त्यात?”

तो मी लिहिला हे तिला माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मजकूर मला पाठ होता.

“कचऱ्यात वापरलेल्या सुया टाकणाऱ्या अज्ञात व्यक्तीच्या,” मी म्हणाले, “बेजबाबदार आणि अमानुष कृत्याचा ही सभा तीव्र निषेध करते. अशा विकृत प्रवृत्तीला सुसंस्कृत वस्तीत थारा नाही.”

“अमानुष म्हणजे?”

“माणसाला न शोभणारं.”

तिने थोडा विचार केला. “बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा रक्त तपासू म्हणाले, खात्रीसाठी. मावशीने त्यांना एकच विचारलं, नातीचा पेला आज एकत्र ठेवला तर चालेल का. ते म्हणाले, पेल्याने काही होतच नव्हतं. तिने बाहेर येऊन नळावर खळखळून चूळ भरली आणि ती घरी निघून गेली. माझे आभार मानले नाहीत.

सेक्रेटरींना मी संध्याकाळी सांगितलं आणि नोटिशीत माझं नाव घाला म्हटलं. ते आधी दचकले, मग त्यांचा चेहरा मऊ झाला. “कशाला मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही आपल्यातल्या. आणि तपासणी तोंडावर आहे.” अज्ञात व्यक्ती भाडेकरू होती तोवर ती विकृत होती. नोटीस मीच फाडली. तिघा तरुणांच्या घरमालकालाही मीच फोन केला. ते अजून इथेच राहतात. एक जण लिफ्टमध्ये भेटला की हसतो. त्याला यातलं काही कळलेलं नसावं.

तपासणीसाठी पेटीला नवा पोपटी रंग दिला. मावशीसाठी हातमोज्यांचा एक जोड आला, तपासणी समितीचे लोक गेल्यावर तो ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद झाला. तो मी मागून घेतला. पहिल्यांदा चावी सापडत नव्हती, तिसऱ्या खेपेला सापडली, आणि जोड मावशीच्या हातात गेला. सुया आता जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमतात आणि बाटली भरली की मी ती स्वतः त्याच रुग्णालयात नेऊन देते. नर्स मला अजून सुईवाल्याच म्हणते.

मावशी मात्र अजून बाटलीवर विश्वास ठेवत नाही. बाकीच्या एकतीस घरांतून ती पिशवी उचलते आणि पुढे जाते. माझ्या दाराशी थांबते.

“दाखवा,” म्हणते.

मग मी पिशवीची गाठ सोडते आणि तिच्यासमोर माझा कचरा चिवडते. चहाचा ओला चोथा, बांगड्याचे काटे, वांग्याचे देठ, कालची चिकट खीर, सगळं बोटांनी वरखाली करून दाखवते. पहिल्या दिवशी मी स्वतःसाठी विकत आणलेले हातमोजे घालून उभी होते. तिने हात पुढे करून ते माझ्या हातातून काढून घेतले. तिचा जोड फाटला होता.