उपाशी गोधडी

जामखेडच्या अंगाला लंकाबाईच्या हातची गोधडी म्हटलं की लोकांना अर्धी झोप तिथंच यायची. तीस हंगाम ऊस तोडून गुडघे गेले तेव्हा ती घरी बसली, आणि घरी बसली म्हणजे सुई धरून बसली.

गोधडी कडेनं शिवत आत यायचं आणि मधोमध येऊन संपवायचं. त्या मधल्या जागेला ती पोट म्हणायची. पोट बंद करण्याआधी आत भाकरीचा एक तुकडा ठेवायचा, ही तिच्या सासूची, छबूबाईची रीत. उपाशी राहिलेली गोधडी पांघरणाऱ्यातलंच काहीतरी खाते, असं ती म्हातारी सांगून गेली होती. काय खाते, ते विचारायचं राहून गेलं. सासूला उलट प्रश्न विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

लंकाबाईची सून राजेश्वरी. तिची दीड वर्षाची अश्विनी मागच्या हंगामात कोपरगावकडं उसाच्या फडावर तापानं गेली. तेव्हापासून सुनेला धड झोप नव्हती. डोळा लागला की दचकून उठायची. शेवटी लंकाबाईनं छबूबाईची जुनी मऊ लुगडी काढली आणि घाईघाईनं गोधडी शिवायला घेतली. पोट बंद करायला आली तो दिवस नेमका एकादशीचा. घरात भाकरी नाही. भगर होती, पण गोधडीला भगर चालते का, हे विचारायचं कुणाला? एक दिवस हिलाबी उपास, असं म्हणून तिनं टाका घालून टाकला.

त्या दुपारी राजेश्वरी ती गोधडी पांघरून गाढ झोपली. ऊन कलल्यावर उठली आणि मोठा आळस दिला.

"आत्या, लई फ्रेश वाटतंय."

हा शब्द लंकाबाईच्या ओळखीचा होता. दहावी झालेली सून तोंडावर पाणी मारून आली की म्हणायची. लंकाबाईला स्वतःला तसं कधी वाटलं नव्हतं. ती जन्मभर निजताना जेवढी दमलेली असायची, तेवढीच उठताना. पण सुनेच्या तोंडून तो शब्द पुन्हा ऐकला आणि तिला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी झोपून उठल्यावर राजेश्वरीनं अश्विनीचं टोपडं शेजारच्या मालनबाईला नेऊन दिलं. "तुमच्या नातीला व्हईल. आमच्यात कोन घालनार?" असं म्हणून हसली. मालनबाई मागोमाग दारात येऊन कुजबुजली, "लंके, सून बरी हाय न्हवं?"

तिसऱ्या दिवशी उठली ती आढ्याकडं बघत उभी राहिली.

"आत्या, ही झोळी कुनाच्या पोराची बांधलीया?"

लंकाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

ती गोधडी बाहेर टाकायला गेली तर उचलेना. भिजलेली नव्हती. लुगडी तीच, दोरा तोच, आणि वजन भरल्या घागरीचं. मधोमध हात ठेवला तर तिथं कोमट लागलं, अंगासारखं.

संध्याकाळी तिनं लेकाला, बजरंगला, सगळं सांगितलं.

"ऱ्हाऊ दी, आई. जेवतीया, हसतीया. आठवून काय पोरगी माघारी येनार हाय?"

"आरं, पर ती पोरीला इसरली."

"मग मलाबी दे ती गोधडी येक दिस," बजरंग म्हणाला आणि मान खाली घातली.

लंकाबाईला वाटलं, आपलंच डोकं फिरलं असेल. खात्री करायला दुसऱ्या दुपारी तीच त्या गोधडीत आडवी झाली. उठली तेव्हा गुडघा दुखत नव्हता, छाती हलकी, डोळे लख्ख. हेच ते फ्रेश, तिला वाटलं. इतक्या वर्षांनी भेटलं. मग तिनं नातीचा चेहरा आठवून बघितला. नाव तेवढं आठवलं. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं, नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखं कोरं. रडूही येईना, आणि रडू येत नाही याचीच तिला धडकी भरली. घरातली सगळीच अशी फ्रेश झाली तर त्या लेकराला आठवणारं राहिलं कोण?

तिनं चूल पेटवली, भाकरी टाकली आणि ब्लेडनं पोटाचे टाके उसवले. आतून वेखंडाचा आणि खोबरेलाचा वास आला, न्हाऊन निजवलेल्या बाळाच्या टाळूला येतो तसा. आत मात्र काही नव्हतं. तिनं ऊन भाकरीचा तुकडा ठेवला.

"खा बाई," ती म्हणाली, "आन् आमचं तेवढं माघारी दे."

दोरा ओढताना कापड हललं, का दोऱ्यानंच ओढलं गेलं, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी त्या गोधडीत निजली आणि घटकाभरात ओरडत उठली. मग जमिनीवर बसून कितीतरी वेळ रडत राहिली. बजरंग आईकडं न बघता बाहेर निघून गेला.

"मी कुटं हुते इतकं दिस, आत्या? का आनलंत मला हितं?"

"पोरगी येकटी पडली असती, बाई."

राजेश्वरीनं पदरानं तोंड पुसलं आणि हळूहळू बोलायला लागली. अश्विनी एक पाय ओढत कशी रांगायची, न्हाताना आजीचा पदर तोंडात कशी धरायची, आजीनं टाळी वाजवली की कशी खिदळायची. लंकाबाई मान डोलावत होती. त्या गोधडीत पुन्हा पाठ टेकायचं धाडस तिला झालं नव्हतं. तिच्याच पायांवर न्हालेल्या नातीबद्दल ती हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती.