संध्याकाळचं कोल्हापूर

आमच्या घरात एक नक्कल केल्याशिवाय कुठलंच जेवण संपत नाही. ती आबांची, म्हणजे आजोबांची, आणि करते मी. डावा हात कमरेवर, मान जरा तिरकी, उजव्या हातात नसलेला ग्लास आणि आवाज थेट बेंबीतून: "घ्या पावणं, ऊन ऊन हाय. म्हशीच्या पोटातनं सरळ तुमच्या पोटात, मधी कुणी न्हाय."

आजी पदर तोंडावर धरून हसते आणि म्हणते, "वर्षाराणी, परत एकदा म्हण की." तिला ते पुन्हा पुन्हा का ऐकायचं असतं, हे मला यंदाच्या थंडीत कळलं. आबांच्या तोंडून तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

आबांचं नाव आकाराम. मिसरूड फुटल्यापासून ते रोज दिवस कलला की कोल्हापूरच्या कडेच्या कसबा बावड्यातून दोन म्हशी घेऊन गावात, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायचे. इतर गावांत माणसं संध्याकाळी आईस्क्रीमला निघतात, आमच्याकडं म्हशीखालचं दूध प्यायला निघतात. तुमच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार पडते आणि तुम्ही तिथंच, रस्त्यावर, उभ्या उभ्या पिता. आबांच्या हातचं दूध पैलवानांनी प्यालं, वकिलांनी प्यालं, देवदर्शनाला आलेल्या नव्या जोडप्यांनी एका ग्लासात दोघांनी प्यालं. त्या वेळी आजी, म्हणजे झुंबरबाई, बावड्यातल्या गोठ्यात उरलेल्या म्हशींच्या धारा काढत असायची. लग्न होऊन आली त्या दिवसापासून हेच.

गेल्या साली आबांचे गुडघे बसले आणि शेवटची म्हैस, हौसा, कट्ट्यावरच्याच गुंडूला विकली. तेव्हापासून आबा गंगावेशीत गेले नाहीत. रंकाळ्याला जायचं तरी मंगळवार पेठेतून वळसा. विचारलं की एकच उत्तर, "तिकडं गर्दी लई."

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून माझ्या वडिलांनी दोघांना फिरायला पाठवायचं ठरवलं आणि फोनवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. बँकॉक, सिंगापूर, तरंगता बाजार, काचेचे मनोरे. आजीनं सगळं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मला कोल्हापूर बघायचंय."

"आई, कोल्हापुरातच ऱ्हातीस की तू."

"मी बावड्यात ऱ्हातो." (आमच्याकडं बायकाही असंच बोलतात.) "गावात आलो ते सकाळी देवीला, न्हायतर दवाखान्याला. संध्याकाळचं कोल्हापूर मी बघितल्यालं न्हाय. हाटेलात ऱ्हायाचं, रंकाळ्यावर बसायचं, लोणी डोसा खायाचा. आन ह्यांच्या हातनं कट्ट्यावर एक ग्लास दूध प्यायाचं. पावण्यागत."

आबा म्हणाले, "कट्टा सोडून काय बी माग."

आजीनं पिशवीत लुगडी भरली.

स्टेशन रोडवरच्या हॉटेलात मी त्यांना सोडायला गेले आणि दारातच घोडं अडलं. काउंटरवरच्या मुलीनं आधारकार्डं उलटीपालटी करून बघितली. "सॉरी हं आजोबा, लोकल आयडीवर कपलला रूम देत नाही आम्ही."

"म्हंजे?"

"म्हणजे गावातल्याच जोडप्यांना. पॉलिसी आहे."

आबांनी आजीकडं बघितलं, मग स्वतःच्या पटक्याकडं. "आमी घरातनं पळून आल्यागत दिसतूय व्हय तुला?"

"तसं नाही, पण रिलेशनचा काही पुरावा असेल तर..."

"पुरावा?" आजीनं पिशवी खाली ठेवली, डोईवरचा पदर सारखा केला आणि सगळ्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात नाव घेतलं:

"दाट दुधाला येती बोटभर साय,
आकारामरावांचं नाव घेतो, अजून पुरावा काय?"

सोफ्यावरच्या पुण्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलीनं मुकाट्यानं किल्ली पुढं केली.

"खाली येऊन अजून एक नाव घेईन," आजी तिला म्हणाली, "बारकी खोली दिलीस तर."

खोलीत एसी होता. आबा त्याच्याखाली उभे राहून म्हणाले, "एवढा गारवा गोठ्यात असता तर हौसानं लिटरभर जास्त दिलं असतं." एवढं बोलून त्यांनी तो बंद केला, तो पुन्हा सुरू झाला नाही.

मला आजीनं परत जाऊच दिलं नाही. संध्याकाळी रंकाळा. दिवे लागले होते, भेळवाल्यांच्या परातींचा आवाज, कठड्यावर ओळीनं माणसं. आबा दाखवत होते, पण आबांचं कोल्हापूर सगळं म्हशींचं. "हितं उतरून म्हसरं धुवायचो. त्या कोपऱ्यावर एकदा वरात आडवी आली, म्हस बुजली, नवरदेव घोड्यावरनं खाली. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून हौसाच्या आईला पळवली हुती, फटफटीच्या मागं. लोकं बघतच ऱ्हायली."

आजी कठड्यावरच्या माणसांकडं बघत होती. "ही समदी रोज संध्याकाळी हितं बसत्यात?"

"रोज."

"आन इतकी वर्सं आपण काय करतावतो?"

आबांनी कठड्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. "धारा काढतावतो," ते म्हणाले.

लोणी डोसा आला तेव्हा आबांनी आधी लोण्याचा वास घेतला, मग खाल्लं. आजीनं दोन खाल्ले. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या नाश्त्याला काचेच्या जगमध्ये दूध ठेवलं होतं. आबांनी नखावर एक थेंब घेतला, तो नख सोडून पळाला. "पंचगंगा हाय ही," असं म्हणून त्यांनी जग जाग्यावर ठेवला. मग नव्या राजवाड्यातलं म्युझियम. पेंढा भरलेले वाघ, गवे, अस्वलं. शेवटच्या दालनात आबांचा निकाल: "एवढी जनावरं, पर एक दुभतं न्हाय."

शेवटची संध्याकाळ. देवळातून बाहेर पडून रिक्षात बसलो. आबा म्हणाले, "रंकाळा. मंगळवार पेठेतनं घे."

"गंगावेस," आजी म्हणाली.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "ठरवा की पावणं."

"अवो," आजी म्हणाली, "आख्ख्या मुलखाला पाजलासा. मी कंदी मागितलं व्हय?"

"आता मागतीस. म्हस हाय कुठं माझी? दुसऱ्याच्या म्हशीम्होरं हात पसरून उभा ऱ्हाऊ?"

"तुमी नका पसरू. मी पसरतो. मी तर पावणीच हाय."

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला, परत डोक्याला घातला. रिक्षा जागची हलली नव्हती. "घे बाबा," ते शेवटी म्हणाले, "गंगावेस."

कट्ट्यावर ओल्या वैरणीचा वास होता. गुंडूनं लांबूनच ओळखलं. "आबा, किती दिस झालं. रस्ता इसरलासा काय?"

हौसा तिसऱ्या जाग्यावर बांधलेली. आबा जवळ गेले, पाठीवर हात ठेवला. तिनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत वैरणीच्या पाटीत तोंड घातलं.

"वळखलं न्हाय," आबा म्हणाले.

"खाताना कुणाला वळखत्यात व्हय म्हशी," आजी म्हणाली. "तुमी तरी वळखता का?"

गुंडूनं ग्लास विसळून आबांच्या हातात दिला आणि गुडघे बघून प्लास्टिकचं स्टूल सरकवलं. आबा कण्हत बसले. कास धुतली, अंगठा लावला. हौसानं शेपूट हलवायची थांबवली. तिनं ओळखलं ते तेव्हा. पहिली धार ग्लासाच्या तळावर कडक वाजली, मग आवाज मऊ होत गेला आणि फेस काठावर आला. आबांनी बसूनच ग्लास वर धरला.

आजीनं घेतला नाही. "आन ते म्हणा की."

"काय?"

"पोरगी म्हणती ते."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी गुंडूच्या मागं सरकले. मग त्यांनी घसा खाकरला. मी म्हणते तसं बेंबीतून नाहीच. ते हळू म्हणायचे, गिऱ्हाईकापुरतं, गुपित सांगावं तसं. "घ्या पावणं. ऊन ऊन हाय. म्हशीच्या पोटातनं सरळ तुमच्या पोटात... मधी कुणी न्हाय."

आजीनं ग्लास तोंडाला लावला तो संपवूनच खाली घेतला. ओठावर पांढरी मिशी. ती तिनं पुसली नाही.

"मधी कुणी न्हाय कसं?" ती म्हणाली. "मी हुतो की. पेंड कोण कालवत हुतं?"

गुंडू इतका हसला की शेजारची म्हैस बुजली. आबा हसले नाहीत. खाली मान घालून दुसरा ग्लास भरत राहिले, कारण मागं एक तरुण जोडपं येऊन थांबलं होतं आणि स्टुलावर बसलेला म्हातारा म्हणजे मालकच, असं त्यांना वाटलं होतं. आबांनी ग्लास त्यांच्यापुढं केला.

"घ्या पावणं. ऊन ऊन हाय. म्हशीच्या पोटातनं सरळ तुमच्या पोटात. मधी..." ते अडले. आजीकडं बघितलं. "मधी निस्ती ही."

"निस्ती म्हणं," आजी म्हणाली, आणि रिकामा ग्लास परत पुढं केला.