मी सुधारलेलं पारूचं पत्र

तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो. चहा मात्र आधी संपवा, उगाच ठसका लागेल!

तेव्हा मी देवरुखजवळच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होतो. अंगात नवी खादी, डोक्यावर गांधीटोपी आणि टोपीखाली समाजसेवेचं वारं. आमच्या सेवा मंडळानं मला काम दिलं, की ज्यांचे नवरे मुंबईला गिरणीत आहेत त्या बायकांची पत्रं लिहून द्यायची. चिटणीसांनी बजावलं होतं, बाई सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल मध्ये घालायची नाही. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं हो?

पहिलीच आली पारू. तिचा नवरा गणू दोन शिमगे घरी आला नव्हता. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तेव्हा घरच्या पुरुषानं पुढे होऊन नारळ ठेवायचा. दोन वर्षं तो मान पारूच्या दिरानं उचलला होता. यंदाही त्यानंच नारळ ठेवला, की घर माझंच म्हणायला तो मोकळा! बाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"लिवा मास्तर," ती म्हणाली, "मेल्या, या शिमग्याला पालखीच्या आधी घराशी आला नाहीस, तर मुंबईला येऊन तुझ्या टाळक्यात मुसळ घालीन."

आता तुम्हीच सांगा, हे लिहायचं? पतीला मेल्या? हिंदू स्त्रीनं? माझा टाक काही पुढे सरकेना. मग मी लिहिलं, 'आपल्या चरणांच्या दासीचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली मूर्ती सदैव डोळ्यांपुढे आहे. सवड मिळाल्यास शिमग्यास दर्शन द्यावे, न मिळाल्यास मनास लावून घेऊ नये.'

पारू म्हणाली, वाचा बघू. आणि मी निर्लज्जासारखं घडाघडा वाचून दाखवलं, मेल्यापासून मुसळापर्यंत!

गणू दहाबारा गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथं एकानं ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं. दासी? आमची पारू? सगळ्यांचं एकमत झालं, की ही पारू बोलत नाही, हिला भूत लागलंय. गणूनं ताबडतोब कार्ड टाकलं, भगत बोलावून पारूचं भूत उतरवा म्हणून. आणि टाकलं कुणाला? दिराला!

दिराला काय, आयतंच मिळालं. बायको झपाटलेली, नवरा मुंबईला, घर मोकळं. दुसऱ्याच दिवशी अंगणात भगत, लिंबं आणि धुपाटणं. पारू सांगत होती, मला काही झालं नाही. भगत म्हणाला, भूत असंच म्हणतं. मग तिनं ठेवणीतल्या शिव्या काढल्या. त्यावर भगत म्हणाला, भूत मुरलेलं दिसतंय. शेवटी तिनं मुसळ उचललं, तेव्हा तो धुपाटणं तिथंच टाकून पळाला.

दिराच्या हातातलं कार्ड हिसकावून पारू थेट माझ्याकडे आली.

"दीर म्हणतो, मी पत्रात सोताला दासी म्हटलंय. वाचा. आता खरं वाचा."

मी वाचलं. गणूनं माझंच वाक्य उतरवलं होतं, 'पारू स्वतःला चरणांची दासी म्हणते, म्हणजे भूतच!'

"हे तुम्ही लिवलंत?"

"बरं दिसावं म्हणून गं..."

वाटलं, आता मुसळ आपल्या टाळक्यात! पण ती ओटीवर मटकन बसली आणि रडायला लागली. "घर गेलं माझं, मास्तर. तुमच्या बरं दिसण्यापायी." अहो, मार परवडला असता. मला माझ्या त्या खादीची लाज वाटली.

तिथंच दुसरं पत्र लिहिलं. तिच्या तोंडचं, अक्षर न अक्षर. दोन शिव्या तर अशा निघाल्या, की त्यांचं शुद्धलेखन मलाच येईना.

पालखीच्या आदल्या दिवशी गणू आगबोटीनं रत्नागिरीला उतरला आणि गावात हजर झाला. नारळ त्यानंच ठेवला. दीर कोपऱ्यात उभा राहून बघत होता. मग गणू मला भेटायला आला. म्हणाला, "दुसरं पत्र ऐकलं नि जीव भांड्यात पडला. म्हटलं, बायको सुखरूप हाय."

दुसऱ्या दिवशी बघतो तर शाळेच्या ओटीपुढे बायकांची रांग! मी खूश. म्हटलं, समाजसेवेला यश आलं. टाक, दौत घेऊन बसलो. पहिली म्हातारी पुढे आली, पण चार हात लांबच थांबली. मला नीट न्याहाळून तिनं विचारलं,

"मास्तर, लेकाला पत्र लिवायचं हाय. आज तुम्हाला भूत न्हाय ना लागलेलं?"