ज्यांनी पोहे खाल्ले नाहीत

आमच्या नातीला बघायला प्रशिक्षक बाई येणार म्हणून मी कांदेपोहे केले होते. बघायला म्हणजे तसं बघायला नव्हे. नात व्हॉलीबॉल उत्तम खेळते, आणि या देशात कॉलेजच्या संघाला एखादी मुलगी हवी असली की प्रशिक्षक तिच्या घरी येऊन आईवडिलांशी बोलतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. पण फ्रीमाँटला मुलाच्या घरात सकाळपासून झाडपूस चाललेली, सून उशांचे अभ्रे बदलतेय, नात खोलीचं दार लावून बसलेली. मला दुसरं काय वाटणार? त्यात कॉलेजही परकं नव्हतं. आमचे हे तिथे इंजिनिअरिंग शिकवून निवृत्त झाले, आणि आम्ही अजून त्याच गावात राहतो. मी खास या बैठकीसाठी विमानाने आले होते. मुलीकडचीही मीच आणि सासरकडचीही मीच, अशा थाटात.

बाई उंच होत्या. कोणी न सांगता त्यांनी दारात बूट काढले, तिथेच मी त्यांना पास केलं. पोहे मागून घेतले, तेव्हा पहिल्या श्रेणीत. मग मी विचारायचं ते सगळं विचारलं. मुलगी आजारी पडली तर कोण बघणार, पहाटे उपाशीपोटी पळवता का, आणि मुख्य म्हणजे अभ्यासाचं काय. हिला डॉक्टर व्हायचंय, केमिस्ट्रीची लॅब बुडून चालणार नाही.

“आई, हे लग्न नाहीये,” मुलगा दातओठ खात म्हणाला.

बाईंनी मात्र प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. इथे कॉलेजं गटागटाने खेळतात. आसपासच्या राज्यांतली दहा-बारा कॉलेजं मिळून एक गट, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आपला गट सगळा पश्चिम किनाऱ्याचा, बाई म्हणाल्या. कुठेही जायचं तर छोटासा विमानप्रवास, आणि परत आलं की दुसऱ्या दिवशी वर्गात. इकडे फ्रीमाँटच्या बाजूलाही दरवर्षी सामने असतील, तेव्हा आईबाबा येऊन बसतील. घरच्या मैदानावर आजी-आजोबा. अभ्यास बुडणार नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं.

नातीच्या मनात खरं तर घराजवळचं एक लहानसं कॉलेज होतं. लॅब चांगल्या, खेळ बेताचा. ते स्थळ मीच मोडलं. त्या कॉलेजचं नाव कोणी ऐकलंय तरी का, असं म्हणून. आपलं ते आपलं. निघताना मी प्रशिक्षक बाईंची ओटी भरली. याचं नेमकं काय करायचं असतं ते त्यांनी विचारून घेतलं आणि दोन्ही हातांनी नारळ सांभाळत गाडीकडे गेल्या. माझ्या लेखी याद्या झाल्या होत्या.

एवढा विश्वास मला कुठून आला, तर एका बावळट बाईकडून. ती बाई म्हणजे चाळिशीच्या अलीकडची मी. त्या गावात येऊन पडली तेव्हा तिला बॉल कुठल्या बाजूला न्यायचा तेही कळत नव्हतं, आणि तीन वर्षांत ती कॉलेजच्या रंगाची कांजीवरम नेसून इथल्या बॉल हातात घेऊन पळायच्या फुटबॉलला जायला लागली. थंडीत वरून नवऱ्याचं जॅकेट, पायात मोजे आणि चपला. स्टेडियमबाहेर गाड्या लावून लोक मांस भाजायचे, तिथे ही बटाटेवड्यांचं पातेलं घेऊन उभी. समोरच्या गावच्या कॉलेजची माणसं आली की त्यांना आधी वडे, मग शिव्या. ते वर्षभर भांडणारे पण सणाला एकत्र जेवणारे भाऊबंद आहेत, असं तिला वाटायचं. महाराष्ट्र मंडळात तर ती भाषणं द्यायची, की बघा, इथे खेळ कसा विद्यार्थ्यांचा असतो, त्यात पैशाचा संबंध नाही.

मैदानावर एक लाल टोपीवाला माणूस अधूनमधून आत येऊन उभा राही आणि खेळ थांबे. आमच्या या बावळट बाईंना वाटे, कोणी मानाचे पाहुणे असावेत. त्या वेळात त्या आजूबाजूला वडे वाटून घेत. टीव्हीवर जाहिराती चालू आहेत आणि त्या संपेपर्यंत बावीस धट्टेकट्टे गडी नुसते ताटकळत उभे आहेत, हे तिला कित्येक वर्षांनी कळलं. कळल्यावरही तिने काय केलं? वड्यांची वेळ त्यावर बेतली. धन्य ती बाई.

नात आमच्या गावात शिकायला आली, होस्टेलवर राहिली आणि पहिलं वर्ष सगळं बोलल्याप्रमाणे झालं. रविवारी आमटीभात खायला यायची, गुडघ्यावर बर्फ ठेवून आजोबांकडून गणितं समजावून घ्यायची. घरच्या प्रत्येक सामन्याला आम्ही दोघं. मग उन्हाळ्यात एका सकाळी ह्यांनी फोनवरची बातमी वाचून दाखवली. आपलं कॉलेज गट सोडून चाललंय. देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कॉलेजांच्या गटात.

कशासाठी, मी विचारलं. ह्यांनी मला विद्यार्थ्याला समजावतात तसं समजावलं. वाहिन्या सामने दाखवायचे हक्क गटाकडून विकत घेतात, आणि तो पैसा गटातली कॉलेजं वाटून घेतात. ज्या गटाचं फुटबॉल जास्त लोक बघतात त्याला जास्त. आपल्या गटाला म्हणावा तसा करार मिळेना, तेव्हा ज्यांना दुसरीकडे दार उघडलं ते गेले. समोरच्या गावच्या कॉलेजला कोणी बोलावलं नाही, ते मागे राहिलं.

“आणि व्हॉलीबॉल?”

“ते फुटबॉलबरोबर जातं. वेगळं ठेवत नाहीत.”

म्हणजे बैलगाडीमागे बांधलेलं वासरू. गाडी कुठे चालली हे त्याला कोण विचारतं?

गट बदलला त्या वर्षी नात अटलांटिकच्या काठी इतक्या वेळा गेली की तिला त्या विमानतळावरचे झोपायचे कोपरे पाठ झाले. बुधवारी निघायचं, शुक्रवारी एका राज्यात सामना, रविवारी दुसऱ्या, सोमवारी परत. वेळा वाहिनीच्या सोयीच्या. गुरुवारची केमिस्ट्रीची लॅब बुडत गेली. आईबाबांच्या बाजूचे सामने बंदच झाले. रविवारचा आमटीभात आता सोमवारी डब्यात घालून मी होस्टेलवर नेऊन द्यायला लागले, तर ती कपड्यांनिशी झोपलेली. ओळखीची माणसं मला म्हणायची, काकू, आता तर ती टीव्हीवर दिसते की. जशी काही मी तिला दिसण्यासाठीच तिथे पाठवली होती.

हिवाळ्यात जुन्या तिकीटधारकांना स्टेडियमच्या काचेच्या दालनात चहाला बोलावलं. कोट घातलेले एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते की हे कॉलेजसाठी किती रोमांचक पर्व आहे. मी हात वर केला. ह्यांनी माझी बाही ओढली, पण मी उठलेच. म्हटलं, मुलींना विचारलं होतं का? ते फार गोड हसले. विद्यार्थी-खेळाडू हेच आमच्या प्रत्येक निर्णयाच्या केंद्रस्थानी असतात, असं काहीसं म्हणाले आणि पुढच्या हाताकडे वळले.

प्रशिक्षक बाई दाराजवळ उभ्या होत्या. मी सरळ त्यांच्याकडे गेले, भांडायच्या तयारीनेच. तुम्ही माझ्या मुलाच्या घरात बसून शब्द दिला होता, मी म्हणाले.

त्यांनी आवाज खाली आणला. “मला त्याच सकाळी कळलं, फोनवर. तुमच्यासारखंच.”

माझा राग जागच्या जागी थांबला, पण गेला नाही. त्याला जायला जागाच सापडेना. आपल्याकडे बोलणी करायची तर आधी बघतात, घरात शब्द कोणाचा चालतो. मुलाच्या आत्याने कितीही गोड मान डोलावली तरी तिच्याशी याद्या करत नाहीत. मी नेमकं तेच केलं होतं. ज्यांच्या हातात होतं ते आमच्या घरी आलेच नव्हते. त्यांनी ना पोहे खाल्ले ना बूट काढले.

वसंतात नात एका दुपारी घरी आली, आजोबा बाहेर गेलेत असं बघून. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली की तिने ट्रान्स्फर पोर्टलमध्ये नाव टाकलंय. दुसऱ्या कॉलेजात जायचं असलं की खेळाडू तिथे नाव नोंदवतात. घराजवळच्या त्या लहान कॉलेजचा फोनही आला होता. शिष्यवृत्ती कमी, पण सगळे सामने बसने.

माझ्या तोंडून निघून गेलं, “आपलं कॉलेज सोडून जाणार?”

ती चिडली नाही. चिडायलाही ताकद लागते, ती दमलेल्या माणसात कुठून असणार. “आजी, आय डिडन्ट लीव्ह फर्स्ट,” ती म्हणाली. मग मराठीत, जरा शोधून शोधून, “मला लॅबमध्ये पास व्हायचंय गं. बाकी मी कुठेही खेळेन.”

तिला सोडायला हे गाडीने फ्रीमाँटपर्यंत गेले. मी गेले नाही. माझ्याच हाताने मोडलेल्या स्थळी तिला पोचवायला जायचं धाडस नव्हतं, आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं तर मुळीच नव्हतं.

तिकिटं मी यंदा घेतली नाहीत. आमचे हे मात्र अजून सामने बघतात. आवाज बंद करून, मी आतल्या खोलीत असताना. मला वाटतं त्यांना वाटतं की मला कळत नाही. परवा नातीचा फोन आला. केमिस्ट्री ठीक चाललीय, म्हणाली, आणि लगेच विचारलं की आजची मॅच बघतेस का. मी म्हटलं, त्यांचं तोंड कशाला बघू? तूही बघू नकोस.

“माझ्या मैत्रिणी आहेत ना त्यात, आजी. आत्ता सकाळी लँड झाल्यात.”

मी बाहेरच्या खोलीत आले. ह्यांनी घाईघाईने रिमोट उशीखाली सारला. मी तो काढून घेतला आणि आवाज मोठा केला. सर्व्हिस करायला उभी असलेली पोरगी आमच्याकडे दोनदा जेवून गेलेली, पुरणपोळी आवडलेली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि चेंडू टाकण्याआधी तिने जांभई गिळली. समालोचक सांगत होता की मुली आज किती ताज्यातवान्या दिसताहेत. मग खेळ थांबला आणि गाद्यांची जाहिरात लागली.