विटेच्या जागी हँडब्रेक

वानखडे साहेबांच्या गाडीला पार्किंग ब्रेक होता. लाल रंगाचा, भट्टीत भाजलेला, साधारण तीन किलोचा. गाडी उभी केली की साहेब खाली उतरायचे आणि तो पुढच्या चाकाला टेकवायचे. मी पोर्चमध्ये उभी राहून हा सोहळा पाहत होते.

"हँडब्रेकचा लिव्हर तर आहे की गाडीत," मी म्हटलं.

"आहे ना. ओढतो मी रोज."

मी ओढून पाहिला. छान कटकट वाजला. मग गाडीखाली वाकले. लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला काहीच जोडलेलं नव्हतं. साहेब दोन वर्षं श्रद्धेने हवा ओढत होते.

गाडी साठ वर्षांपूर्वीची, साहेबांच्या वडिलांनी घेतलेली. मुळात तिच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक होते आणि हँडब्रेकची केबल त्या ड्रमलाच जायची. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले आणि एका मिस्त्रीकडून मागे डिस्क ब्रेक बसवून आले. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडतो तो कॅलिपर. त्या मिस्त्रीच्या कॅलिपरला केबल जोडायची सोयच नव्हती, म्हणून त्याने केबल काढून टाकली. हे सांगायची गरज त्याला वाटली नाही.

"नागपुरात चढ कुठाय मॅडम?" साहेब म्हणाले. "सगळं सपाट."

"तुमच्याच पोर्चमध्ये आहे," मी म्हटलं. पोर्च फाटकाकडे उतरता होता आणि फाटक मधोमध वाकलेलं होतं. महिन्यापूर्वी साहेब वीट लावायला विसरले होते.

साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या होत्या. "हे पहा बाई, अजून एकदा ही गाडी आपोआप चालली ना, तर मी भंगारवाल्याले बोलावतो की नाही ते पाहा. मग यांचे बाबा वरून उतरून आले तरी ऐकणार नाही."

साहेब वीट नीट टेकली आहे का ते पाहायला वाकले. त्यांना काकूंचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त होता.

ब्रेकच्या कामात माझी पंचवीस वर्षं गेली आहेत. हिंगणा रोडवर माझं वर्कशॉप आहे. बबनभाऊ माझे फिटर, उमरेडचे. आधी खाणीतल्या मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे कारला ते खेळणंच समजतात. आम्ही ठरवलं की पायाच्या ब्रेकला हात लावायचा नाही. त्याच डिस्कवर फक्त हँडब्रेकसाठी दुसरे दोन लहान कॅलिपर बसवायचे, केबलने चालणारे.

ते बसवायला जाड पत्र्याचे ब्रॅकेट कापले. पहिली जोडी रिमला घासली. दुसरी सायलेन्सरच्या पाइपला. तिसरी कुणालाच घासली नाही म्हणून पास झाली. केबल मापाची करून घेतली. दोन्ही चाकांना सारखी ओढ मिळावी म्हणून मध्ये तराजूच्या दांडीसारखा एक तुकडा लावला. सकाळी गाडी वर्कशॉपच्या रॅम्पवर नेली, लिव्हर ओढला, न्यूट्रलमध्ये टाकली. दोन मिनिटं थांबलो. हलली नाही. बबनभाऊंनी मागून धक्का मारला, तरी नाही.

"पक्कं काम झालं मॅडम," बबनभाऊ म्हणाले. मीही मान डोलावली. ती मान आजही मला आठवते.

दुपारी साहेब स्वतः गाडी चालवत घरी निघाले. मी आणि बबनभाऊ बरोबर. मे महिना, सीताबर्डीची गर्दी, आणि साहेबांचा पाय सगळा रस्ता ब्रेकवर. घरी पूजेची तयारी होती. नवा ब्रेक म्हणजे नवी गाडीच. साहेबांनी पोर्चमध्ये फाटकाकडे तोंड करून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मुद्दाम गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली.

"गिअरमध्ये राहू द्या," मी म्हटलं.

"मग ब्रेक कशाले बनवला?" साहेबांनी वीट उचलून कुंपणापलीकडे फेकली. मला वाटतं त्यांनी ते वाक्य आणि ती फेक दोन्हींचा सराव केला होता.

पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली. हार, कुंकू, नारळ, मग आरती. काकूंना सगळ्या आरत्या पाठ होत्या आणि त्या एकही सोडत नव्हत्या. दहा-पंधरा मिनिटं गेली. काकू ताट घेऊन बरोबर बॉनेटसमोर. तेवढ्यात डाव्या चाकाखालचं लिंबू चिरडलं. गाडीत कुणी नव्हतं.

मी दार उघडून लिव्हर ओढला. अजून दोन कट्ट वर आला आणि गाडी थांबली. बॉनेट आणि काकूंच्या ताटात एक वीत अंतर उरलं होतं. बबनभाऊंनी पूजेचा पाट चाकापुढे सारला.

मग काकूंनी ताट खाली ठेवलं. "उद्या भंगारवाला येते," त्या शांतपणे म्हणाल्या.

"काकू, आठ दिवस द्या."

"तीन."

"काहून सुटला असंल?" परतताना बबनभाऊ म्हणाले. "सकाळी तर बरोबर पकडून राहिला होता."

सकाळी. तिथेच उत्तर होतं. लिव्हर घसरला नव्हता, दातेरी पट्टीवर साहेबांनी ठेवला त्याच दातावर होता. तरी मला तो दोन दात पुढे ओढता आला. म्हणजे पलीकडे काहीतरी आकसलं होतं. रस्ताभर ब्रेक दाबून डिस्क तापली होती, आणि तापलेली डिस्क फुगते. फुगलेल्या डिस्कला ब्रेकने धरलं. मग ती उभ्या उभ्या गार झाली, केसभर बारीक झाली, आणि तेवढ्यात केबलची ओढ संपली. आम्ही गाडी तपासली ती थंड असताना. पंचवीस वर्षांचा अनुभव आणि दोन मिनिटांची टेस्ट.

उपाय सोपा होता, म्हणून आधी सुचला नव्हता. केबलच्या मध्ये एक जाड स्प्रिंग टाकायची. लिव्हर ओढला की ती दबते. डिस्क आकसली की ती पसरून केबल ताणलेली ठेवते. साहेबांना फोनवर सांगितलं.

"स्प्रिंग? स्प्रिंग तर सोफ्यात असते. ब्रेक कडक पाहिजे मॅडम."

"कडक होता म्हणूनच सुटला."

"मले पटत नाही."

त्यांना न पटवता आम्ही ती बसवली. पहिली स्प्रिंग नरम निघाली, दुसरी बरोबर बसली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच रस्त्याने, साहेबांचाच पाय ब्रेकवर, गाडी पोर्चमध्ये आणली. न्यूट्रल. टायरवर आणि फरशीवर खडूची एकच रेघ ओढली. काकू खुर्ची टाकून बसल्या, या वेळी गाडीच्या बाजूला. एक तास झाला. रेघ जुळलेलीच होती. काकूंनी अजून अर्धा तास वाढवला, तरी जुळलेली.

"राहू द्या मग," काकू म्हणाल्या आणि खुर्ची आत घेऊन गेल्या. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नसतं.

त्यानंतर मी प्रत्येक हँडब्रेक गाडी तापवून, मग पूर्ण गार होईपर्यंत उतारावर ठेवून तपासते. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू द्यावं.

वानखडे साहेबांची गाडी आता जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जाते. गेल्या वेळी मी मागे उभी होते. साहेब चार लोकांना सांगत होते, "मॅडम तर कडक ब्रेक देऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, मध्ये एक स्प्रिंग टाकून पाहा." गिऱ्हाईक आमची अक्कल स्वतःच्या नावावर सांगायला लागलं, की समजावं, काम टिकलं आहे.