माझं आगाऊ बोट

नातीच्या परीक्षेत मी कॉपी केली, तीही तिला न सांगता. शाळेत शेजारणीला उत्तरं सांगण्याच्या नादात स्वतःचा पेपर अर्धा सोडून येणारी शहाणी ती मीच. पुढं अक्कलदाढ आली, पडूनही गेली. अक्कल काही आली नाही.

नात इथंच, सोलापुरात, अ‍ॅपचं डिझाइन शिकत होती. शेवटच्या वर्षाला कॉलेजच्या मुलामुलींसाठी कपड्यांचं अ‍ॅप करायचं होतं. वर्गातल्या बाकीच्यांनी दुकानंच मांडली होती; रंग वेगळे, माल तोच. हिचं निराळं. साडी डे आला की पोरी साडीसाठी दारोदार फिरतात, आणि इकडं आमच्या साड्या कपाटात घडीवर विरतात. तर गल्लीतल्या बायकांनी साडीचा फोटो अ‍ॅपवर टाकायचा, पोरींनी ती एका दिवसासाठी न्यायची. वर्गातलं एकच काम पुण्याच्या स्पर्धेला जाणार होतं. नातीचं जेवणात लक्ष नसायचं.

"आज्जी, बायकांना हे एकटीनं जमलं तरच माझं वेगळं. नाहीतर नुसती बडबड."

म्हणून तिनं गल्लीतल्या चौघींना अ‍ॅप वापरून बघायला घरी बोलावलं. आपल्यासमोर त्या बुजतील म्हणून स्वतः आत जाऊन बसली. मला बजावलं, "तू फक्त बसायचं. सांगायचं काही नाही."

बसले की. किती वेळ? पहिलीचं बोट स्क्रीनवर भिरभिरायला लागलं आणि माझ्याच्यानं राहवेना. पोरीचं हसं होईल, असं मनात आलं. "हितं दाब," मी कुजबुजले. मग सरळ मीच दाबलं. चौघींचंही. वर ताकीद दिली, "इचारलं तर लई सोपं हाय म्हणायचं." चौघी तसंच म्हणाल्या. नातीनं आनंदानं मला मिठी मारली. आणि मी, निर्लज्ज, मारू दिली!

कॉलेजात सगळ्यांसमोर काम दाखवायच्या दिवशी नातीनं त्यातल्याच एकीला पुढं बोलावलं. तिनं टेबलावर इरकलीचा पदर पसरला, फोन धरला. फोटो निघाला. पुढं काय, ते तिला कळेना. बोट हवेतच राहिलं. परीक्षक थांबलेले. शेवटी ती मागं वळली, गर्दीत मला शोधलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "अवो वैनी, या की हिकडं. त्या दिवशी तुमीच दाबलं न्हवं का?"

हॉल हसला. नातीनं माझ्याकडं बघितलं, मग खाली.

पुण्याला दुसऱ्याचंच काम गेलं. त्या दिवशी परतताना रिक्षात मी एक-दोन विनोद करून बघितले. ती रस्त्याकडंच बघत होती. दारात चप्पल काढताना मात्र बोलली. चिडून नाही, हळूच. चिडली असती तर बरं झालं असतं.

"आज्जी, त्यांना कुठं अडतंय तेवढंच मला बघायचं होतं. यापुढं तू छान म्हटलंस, की मी अजून कुणाला तरी विचारीन."