कडू झालेले डिंकाचे लाडू

मंडळी, मी कुंभार पिंपळगावचा, देवळांच्या भिंती रंगवणारा म्हातारा. आजचं सांगतो, कारण जीव थाऱ्यावर नाही.

तापातून उठल्यापासून बायकोच्या तोंडाला चवच नाही. "माती खाल्ल्यावानी लागतंय," म्हणते आणि ताट सरकवते. अंगावर नुसती हाडं राहिली आहेत. मी शिरा केला, कढी केली, आंबील केली. सगळं वाया गेलं.

आज तीर्थपुरीला एका देवळाची भिंत बघायला गेलो होतो. कामात लक्ष लागेना. बाजारातून खारीक आणि डिंक घेऊन परत आलो, डिंक तुपात तळला आणि लाडू वळले.

तिनं घास घेतला आणि थू थू केलं. "अहो, काय जहर करून ठिवलं हे!"

मी चाखला, तर खरंच कडू. रंगात कालवायचा डिंकही बाभळीचाच असतो. त्याला कीड लागू नये म्हणून मी तो डब्यात कडुलिंबाचा वाळला पाला घालून ठेवतो. घाईत तोच डबा उघडला होता. नवा पुडा पिशवीतच होता.

मी कपाळाला हात लावून बसलो. ती मात्र ओठ चाटत होती. "मला कडू लागून राह्यलं की हो! जल्दी गूळ आणा बरं."

गूळ दिला. बराच वेळ चघळून म्हणाली, "न्हाई. ह्याची मातीच."

आधी कडू कळतं आणि मग गोड येतं, असं कुणाच्या घरी झालंय का? मला बरं वाटावं म्हणून नका लिहू. झालं असेल तरच लिहा.